जांभळ्याची कटकट

गच्ची झाडायची खरं तर काही गरज नव्हती. घर विकून झालं आहे, सह्या झाल्या आहेत. नवे मालक थोड्या वेळात किल्ली घ्यायला येतील आणि त्यांच्याकडून पहिलं पाऊल पडेल ते फरशा उखडणाऱ्यांचं. तरी मी विश्रांतवाडीहून लवकर निघाले, सहकारनगरच्या या घराचं कुलूप काढलं, ओढणी खोचली आणि केरसुणी हातात घेतली. दुसऱ्याच्या ताब्यात जाणारी गच्चीसुद्धा घाण दिसली तर लोक काय म्हणतील, ही काळजी आमच्या घरातल्या बायकांच्या हाडात मुरलेली आहे. आईच्या होती, माझ्यात आली.

गच्चीभर पावडरपफची वाळलेली फुलं पडली आहेत. झाड खालच्या अंगणातलं, पण कधीच कठड्याच्या वर आलंय. ताजं असताना गुलाबी केसरांचा गोंडा असतो, वाळला की तपकिरी होऊन केरसुणीला चिकटतो. त्याला वास नाही. वास येतोय तो कुंड्यांतल्या कोरड्या मातीचा, मागे राहिलेल्या तुळशीच्या काड्यांचा आणि खालच्या घरात कुणी तरी पोह्यांना फोडणी दिलीय तिचा. पूर्वी या वेळेला फोडणी आमच्या घरातून निघायची आणि वास कॉलनीभर जायचा.

आमची गच्ची पहिल्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून. स्वयंपाकघराचं दार थेट गच्चीत उघडतं. हल्लीच्या घरं सजवणाऱ्यांना ही रचना दाखवली तर नाक मुरडतील. धूर बाहेर, धूळ आत. आई मात्र ते दार कधी लावून घ्यायची नाही. थंडीतही नाही.

बाबा टेलिफोन खात्यात होते. कानाला रिसीव्हर लावून नुसत्या खरखरीवरून ते सांगायचे, तार कुठे ओली झालीय आणि कुठे तुटलीय. आठवडाभर त्यांचे कान खात्याचे आणि रविवारी सकाळी पक्ष्यांचे. त्यांच्या ओळखीतले लोक तळजाईवर, मुळा-मुठेच्या काठी, कुठे कुठे दुर्बिणी घेऊन हिंडायचे. बाबा म्हणायचे, बघायला काय, कावळाही बघतो. त्यांनी आमच्या गच्चीवर रविवारचं ऐकणं सुरू केलं. हा शब्द त्यांचाच. 'या रविवारी ऐकायला या,' असं ते लोकांना सांगायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं, आमच्याकडे कीर्तन आहे.

ऐकण्याचा विधी ठरलेला. उजाडता उजाडता लोक यायचे. जिन्यातच चपला काढायच्या, कारण चपलांचा आवाज होतो. दुर्बिणी असतील तर त्या स्टुलावर ठेवायच्या. खुर्च्यांवर बसायचं, हात मांडीवर, डोळे मिटलेले. "डोळ्यांना सगळं आयतं मिळतं," बाबा म्हणायचे, "कानांना कष्ट करू द्या." चहा येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. चहा आला की एकेकाने ऐकलेल्या पक्ष्यांची नावं सांगायची आणि सगळ्यांत शेवटी बाबा. बाबांनी नाव घेतलं की तो पक्षी येऊन गेला असं ठरायचं. नाही घेतलं, तर इतर कितीही खात्रीने सांगोत, तो आलेलाच नसायचा.

कायमची येणारी माणसं दोन. एक लिमये काका. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरी आल्यावरही फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं बोलायचे. दुसऱ्या सुमनताई, बँकेतल्या. पर्वतीच्या पायथ्यापासून चालत यायच्या, स्वतः विणलेली लोकरीची टोपी घालून, उन्हाळ्यातसुद्धा. बाकीचे कुणी यायचे, कुणी गळायचे. मी शाळेत होते तेव्हा चटईवर बसून डोळे किलकिले करून या सगळ्यांकडे बघायचे. मोठी माणसं डोळे मिटून बसली की किती निराळी दिसतात. लिमये काकांची हनुवटी हळूहळू खाली जायची. सुमनताईंच्या भुवया वर जायच्या, कुणी पायरी चढावी तशा. बाबांचा चेहरा मात्र एकदम मोकळा व्हायचा. खात्यातली भांडणं, बढतीची रखडपट्टी, सगळं त्यावरून पुसलं जायचं. मला तो चेहरा फार आवडायचा.

थंडीत गच्चीची फरशी बर्फासारखी गार. आल्याच्या चहाचा वास, मफलरना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि तळजाईकडून येणारा जळक्या गवताचा धूर. पाण्याच्या टाकीवर धोबी पक्षी शेपूट खालीवर करत चालायचा आणि उडता उडता बारीक आवाज टाकून जायचा. होळीच्या सुमाराला समोरच्या बंगल्यातला पांगारा लालभडक व्हायचा आणि त्यावर मैनांची, भोरड्यांची अशी काही हाणामारी चालायची की ऐकण्याची मजाच जायची. उन्हाळ्यात गच्चीवर आईच्या कुरडया वाळत घातलेल्या असायच्या. बाबांची मंडळी कुरडयांच्या मधून पाय वाचवत खुर्च्यांपर्यंत पोचायची. तांबट पक्षी दूर कुठे तरी ठोके घालत बसायचा, दिवसभर, न थकता. पावसाळ्यात खुर्च्या स्वयंपाकघराच्या दाराशी, पत्र्याखाली यायच्या, ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि शिंपी पक्षी पावसापेक्षा मोठ्या आवाजात ओरडायचा. पावडरपफवर शिंजीर यायचा तो थंडी सरता सरता. नर तेव्हा रंगात आलेला असतो, लांबून काळा दिसतो, ऊन पडलं की जांभळा-निळा चमकतो. अंगठ्याएवढा जीव, पण गायला लागला की घाई झालेल्या माणसासारखा गातो.

आमच्या घरी या सगळ्यावर एक कायमचा विनोद होता. तो म्हणजे आईला पक्ष्यांचा असलेला तिटकारा.

सगळे डोळे मिटून बसलेले, गच्चीवर चिडीचूप, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "अहो, त्या जांभळ्याला कुणी तरी आवरा. काय कटकट लावलीय मेल्याने सकाळपासून. डोकं उठलं माझं."

बाबा डोळे न उघडता म्हणायचे, "जांभळा नाही गं. शिंजीर."

"तुमचा असेल शिंजीर. माझ्या डोक्याला तो जांभळाच."

तिची स्वतःची नावं होती आणि ती बदलायला ती तयार नसायची. डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ असलेले इवलेसे चष्मेवाले आले की म्हणायची, "ते चाळिशीवाले आले टोळीने. आता चहा उतू जाईस्तोवर चुंइचुंइ." बाबा म्हणायचे, "चष्मेवाले." आंब्यावरच्या बांडगुळात फुलटोच्या आला की म्हणायची, "तो टोचरा टिकटिकायला लागला हो. घड्याळ तरी बंद पडतं कधी, हा पडत नाही." बाबा म्हणायचे, "फुलटोच्या." धोब्याचं तिने शेपटीवाला केलं होतं. बाबा दुरुस्त करायचे, ती पुन्हा चुकायची. नवीन आलेल्या माणसाला हा संसारातला जुना खेळ वाटायचा. तो हसायचा आणि मग शांतता मोडल्याबद्दल ओशाळून पुन्हा डोळे मिटायचा.

"वहिनींना पक्षिशास्त्रात नापास करायला हवं," लिमये काका म्हणायचे.

"करा की," आई आतून म्हणायची, "मग चहा पास झालेल्यांकडून घ्या."

मला लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी एकदा हौसेने ऐकायला आणलं होतं आणि आईने त्यांच्यासमोर चाळिशीवाल्यांचा उद्धार केला. त्या गेल्यावर मी तिच्यावर चिडले. "एक तास गप्प बसायला काय होतं गं तुला?" ती पोह्यांसाठी मिरच्या चिरत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "घर माझं आहे," म्हणाली, "कान माझे आहेत, डोकं माझं आहे. दुखलं तर मी बोलणार." आईशी वाद घालून जिंकलेलं माणूस आमच्या नातेवाइकांत नाही.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी नदीपलीकडे विश्रांतवाडीला गेले. लिमये काका आणि बाबा निवृत्त झाले. समोरचा बंगला पडला, पांगारा गेला, तिथे उंच इमारत आली आणि तिच्या सगळ्या सज्ज्यांना कबुतरांसाठी जाळ्या बसल्या. पक्षी कमी झाले हे खरंच. पण पावडरपफ राहिला, आंबा राहिला, आणि रविवारचं ऐकणंही राहिलं. मी कधी रविवारी आले तर तेच दृश्य दिसायचं. केस पांढरे झालेले, खुर्च्या प्लास्टिकच्या झालेल्या, बाकी सगळं तसंच. आईचा आवाजही तसाच.

आई पौषात गेली.

नंतर काही आठवडे मी इथेच राहिले. बाबा पहाटे उठायचे, खुर्ची ओढून गच्चीवर बसायचे, डोळे मिटायचे. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. एका सकाळी कप हातात घेत ते म्हणाले, "बाग ओस पडली गं."

"म्हणजे?"

"कावळे आहेत. भारद्वाज आहे. तांबट आत्ताच बोलायला लागलाय. बाकी बारीक आवाजाचं कुणी नाही. शिंजीर नाही, चष्मेवाले नाहीत. ती गेल्यापासून नाहीतच."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शिंजीर तेव्हाही गात होता, पण मला वाटलं, माणूस गेल्यावर मागच्यांना जग असंच सुनं वाटतं आणि बाबा तेच बोलतायत. मावशीला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, होतं असं, वेळ द्यावा लागतो. आम्ही वेळ द्यायचं ठरवलं.

माघ संपता संपता रविवारची मंडळी पुन्हा आली. बाबांचं मन रमावं म्हणून लिमये काकांनीच पुढाकार घेतला होता. सुमनताई टोपी घालून आल्या. जिन्यात चपला निघाल्या, दुर्बिणी स्टुलावर गेल्या, तिघांचे डोळे मिटले. मी आईच्या जागी, दाराशी, चहाचं आधण ठेवून उभी. आणि पावडरपफच्या वरच्या फांदीवर शिंजीर आला. हात लांब केला असता तर फांदी हाताला लागली असती, इतका जवळ. चोच वर केली, गळा फुगवला आणि जे काही गायला सुटला की विचारू नका. मी मनात म्हटलं, बरं झालं, बाबांना आज बरं वाटेल.

चहा नेला. सुमनताईंनी बुलबुल सांगितला, लिमये काकांनी तांबट आणि कोकीळ सांगितला. बाबांनी भारद्वाज सांगितला. यादी तिथेच संपली. शिंजीर त्यांच्या डोक्यावर गातच होता.

"शिंजीर नाही," लिमये काका खिन्नपणे म्हणाले. "मी गेले काही दिवस कान देऊन आहे. माझ्याही बागेत नाही."

"माझ्याकडेही नाही हो यंदा," सुमनताई म्हणाल्या.

"गेले ते," बाबा म्हणाले.

"या इमारतींनी घालवले," लिमये काका म्हणाले. "यावर लिहिलं पाहिजे. मी वर्तमानपत्राला पत्र लिहितो. सहकारनगरातून शिंजीर नाहीसा झाला, आणि कुणालाही त्याचं काही नाही!"

मी ट्रे हातात धरून उभी होते. मला हसू फुटणार होतं. पक्षी दोन हातांवर कंठशोष करतोय आणि त्याच्याच खाली बसून पुण्यातली तीन जाणती माणसं एकमताने त्याला नाहीसा ठरवतायत. मग कळलं, तो त्यांना ऐकूच येत नव्हता. मी आत आले, ट्रे ओट्यावर ठेवला आणि नळ सोडून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते बाहेर ऐकू जायला नको होतं. नंतर लक्षात आलं, नळ सोडायचीही गरज नव्हती.

त्या दिवशी मी आठवून आठवून बघितलं. आई कधीपासून कटकट करायला लागली? मी चटईवर बसायचे त्या वयात ती करत नव्हती. तेव्हा ती ऐकण्याच्या वेळात भांडंसुद्धा वाजवत नसे. मी कॉलेजात जायला लागले त्या थंडीत बाबा एकदा म्हणाले होते, "चष्मेवाले आलेत, मघाशी दिसले, पण यंदा अगदी गप्प आहेत." आई चहा गाळत होती. ती गाळणं हातात घेऊन दारात आली आणि बाबांकडे बघत राहिली. गाळण्यातून चहा उंबऱ्यावर ठिबकत होता. मला तो उंबरा पुसायला लागला म्हणून ते आठवतंय. तिने काही विचारलं नाही. जांभळा, टोचरा, चाळिशीवाले हे सगळे त्यानंतरचे.

जे आवाज बाबांना ऐकू येईनासे झाले होते, नेमके त्यांचाच आईला त्रास व्हायचा. तांबटाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. कोकिळेबद्दल नाही, कावळ्यांबद्दल नाही. ती चुकीचं नाव घ्यायची आणि बाबा बरोबर नाव घ्यायचे. आम्ही समजायचो, ते तिला दुरुस्त करतायत.

आठवडाभर मी बाबांकडे बघत होते. ते रोज पहाटे बसत होते. पक्षी रोज येत होते. ते रोज उठताना तसंच, हरवलेल्या माणसासारखं, एकदा झाडाकडे बघत होते. मला ते सहन होईना. आई गेली ती गेलीच, ती मला परत आणता येणार नव्हती. पण त्यांची बाग तिथेच होती, ती तरी त्यांना परत द्यावी असं मला फार वाटलं. मी आडून आडून कानाच्या यंत्राचा विषय काढला.

"कुणाला हवंय?" बाबा म्हणाले.

"सहज म्हटलं. हल्ली बारीक असतात, दिसतसुद्धा नाहीत."

"माझी काही तक्रार आहे का? तुझं बोलणं मला ऐकू येतंय. दुर्दैवाने सगळंच येतंय." आणि त्यांनी पेपर उघडला.

पुढचा रविवार आला. पुन्हा तिघं बसले. पुन्हा शिंजीर आला, आणि मी ठरवलं होतं तसं दारातून बोलले. 'अहो' मला म्हणता येणार नव्हतं. बाकीचं सगळं आईचंच घेतलं. "काय कटकट लावलीय त्या जांभळ्याने! डोकं उठलं माझं."

आवाज माझा होता, पण ठेवण तिची आली. मलाच दचकायला झालं.

लिमये काकांचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे! शिंजीर! आला की!" सुमनताई म्हणाल्या, "मला मघाशी वाटलंच काही तरी." आणि दोघं थांबले. नाव बाबांनी घ्यायचं होतं. त्यांनी घेतल्याशिवाय पक्षी आला असं होत नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. ऐकण्याच्या वेळात त्यांना डोळे उघडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी झाडाकडे बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे मी होते.

"मला नाही ऐकू आला," ते म्हणाले.

"अहो, वाऱ्याने होतं कधी कधी," लिमये काका म्हणाले.

"वारा नाही, लिमये. मला बारीक आवाज येतच नाहीत. फार वर्षं झाली. तिला यायचे. ती बोलायची आणि मी नाव सांगायचो. इतकंच होतं ते."

शिंजीर गातच होता. माझ्याशिवाय त्याला ऐकणारं कुणी नव्हतं. टेलिफोन खात्यातला तो कान, ज्याच्यासाठी माणसं पर्वतीपासून चालत यायची, तो बाबांनी स्वतःच्या हाताने खाली ठेवला होता. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

लिमये काका बराच वेळ कप बशीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मलाही नाही आला. मी तर कित्येक वर्षं वहिनींच्याच भरवशावर आहे."

सुमनताईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे केस किती विरळ झाले होते. "मला वाटायचं, माझेच कान गेलेत," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांना येतं, म्हणून मी वहिनी बोलल्यावर घाईघाईने मान डोलवायचे."

"आणि ते पत्र?" मी विचारलं.

"ते गेलंय," लिमये काका म्हणाले.

ते छापून आलं, चौकटीत. पुढच्या काही दिवसांत त्याखाली आणखी पत्रं आली. कोथरूडहून, औंधहून, सदाशिव पेठेतून. आमच्याकडचेही शिंजीर गेले म्हणून. सगळी निवृत्त मंडळी. बाबांनी ती पत्रं वाचली आणि पेपरची नीट घडी घातली.

त्या रविवारी मंडळी गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. मी कप विसळत होते.

"तू नको हं पुन्हा बोलूस," म्हणाले. "ते तिचं होतं."

"पण बाबा, तो खरंच येतो. रोज येतो. चष्मेवाले पण येतात."

"येऊ दे की. चांगलं आहे." ते आईच्या पाटावर बसले. तिथे ते कधी बसत नसत. मग म्हणाले, "तिला खरंच त्रास व्हायचा का गं त्यांचा?"

मी नळ बंद केला.

"म्हणजे, डोकं उठतं म्हणायची, ते माझ्यासाठी नुसतं म्हणायची, की खरंच उठायचं? उगीच माझ्यापायी नको असलेले आवाज कान देऊन ऐकत बसली असेल जन्मभर, तर फार वाईट झालं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत तिला?"

"कसं विचारणार? विचारलं असतं तर मला येत नाही हे बोलावं लागलं असतं. मग ती बोलायची थांबली असती. तुला काही बोलली होती का कधी?"

बोलली नव्हती. आई असलं काही बोलणाऱ्यातली नव्हती. त्यांना बरं वाटेल असं काही तरी मला सांगता आलं असतं, पण आमच्या घरात एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोलायची पद्धतच नव्हती. त्यातून तो प्रश्न ते इतक्या गरिबासारखे विचारत होते की थाप मारवेना. मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले आणि उठून गच्चीवर गेले.

रविवारचं ऐकणं मग राहिलं नाही. लिमये काका आणि सुमनताई काही दिवस येत राहिले. डोळे उघडे ठेवून चहा प्यायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि जायचे. पुढे तेही थांबलं. बाबा एकटे बसायचे. मी पुन्हा विश्रांतवाडीला गेले होते. यायचे तेव्हा त्यांना लांबून बघायचे, डोळे मिटलेले, चेहरा बंद. तो माझ्या लहानपणीचा मोकळा चेहरा मला पुन्हा दिसला नाही. श्रावणात बाबाही गेले.

आता गच्ची स्वच्छ झालीय. उन्हात फरशी पांढरी दिसतेय. खाली गाडीचं दार वाजलं आणि दोघं वर आले. तरुण आहेत, हडपसरला नोकरी करतात, हसरे आहेत. तो टेप घेऊन आतल्या खोल्या मोजायला गेला आणि ती गच्चीवर माझ्याजवळ आली.

"वॉव, काकू, काय मस्त स्पेस आहे ही! आम्ही इथे स्विंग लावणार." मग कठड्यावरून वाकून तिने झाड बघितलं. "इथे बर्ड्सचा त्रास आहे का हो?"

शिंजीर पलीकडच्या फांदीवर बसला होता. नुकताच सुरू झाला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "तर! काय कटकट असते मेल्यांची सकाळपासून. डोकं उठवतात नुसतं."

"ओह. नो इश्यू, काकू. आम्ही सगळीकडून नेट बसवून घेणारच आहोत. हे झाड पण थोडं कापून टाकू. म्हणजे प्रॉब्लेमच नाही."

"नको," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती जरा मागे सरकली. "जाळी नका लावू. झाड राहू द्या."

"का हो?"

"माझ्या आईला फार आवडायचे ते."

ती म्हणाली, "सो स्वीट," आणि आतून नवऱ्याने हाक मारली म्हणून गेली. मी कठड्याला धरून उभी राहिले. इतकं साधं, इतकं सरळ वाक्य, आणि ते मी एका अनोळखी मुलीला सांगितलं होतं. बाबांनी विचारलं तेव्हा मी माहीत नाही म्हणाले होते.